बेवारस गाडी हटवायची कशी? मुलुंड, ठाणे आणि ऐरोलीच्या हद्दीवरून

आमचं हरिओम नगर मुलुंड पूर्वेला, पण आनंदनगर टोलनाक्याच्या पलीकडे. घरपट्टी मुंबई महापालिकेला भरायची आणि मुलुंडात भाजीला जायचं तर नाका ओलांडायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या गाड्यांचा टोल गेला, हद्दीचा घोळ मात्र जागच्या जागी आहे. एका अंगाला ठाण्याची कोपरी, आणि खाडीवरचा पूल ओलांडला की ऐरोली, म्हणजे नवी मुंबई. तिथे माझी मुलगी राहते. तीन शहरं, तीन महापालिका, तीन पोलीस आयुक्तालयं, आणि तिन्हीकडे रस्त्याच्या कडेला टायर बसलेल्या गाड्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी. त्याआधी ३४ वर्षं बँकेत होते, त्यामुळे अर्ज आणि पोच या दोन गोष्टींवर माझा देवापेक्षा थोडा जास्त विश्वास आहे. गेल्या काही वर्षांत मी रस्त्यावरच्या चार गाड्या हलवल्या आणि एक आमच्याच आवारातली. ती पाचवी सगळ्यात अवघड गेली, कारण ती माझी होती. तिच्याकडे नंतर येते.

पहिली होती एक पांढरी मारुती ओम्नी. चारही टायर जमिनीला टेकलेले, मागची काच नाही, आत कुत्रीनं पिल्लं घातलेली. मी तडक १९१६ला फोन लावला. हा मुंबई महापालिकेचा तक्रार क्रमांक. तक्रार नोंदली, नंबर मिळाला आणि चार दिवसांनी उत्तर आलं: सदर ठिकाण हद्दीबाहेर. मी भांडायच्या तयारीत होते. नकाशा काढून बसले तेव्हा कळलं की ओम्नी उभी होती ती ठाण्यात. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून माझा नियम असा, की तक्रार करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. जागा कोणाची? आणि कायदा कोणता?

जागा कोणाची

हद्दीजवळ राहणाऱ्यांनी विजेच्या खांबावर भरवसा ठेवू नये. बाकी मुंबईला बेस्ट, अदानी किंवा टाटा वीज देतात, पण मुलुंड-भांडुपला ठाण्यासारखीच महावितरणची वीज आहे. खांब बघून शहर ओळखायला गेलात तर फसाल. मी फसलेच. गाडीच्या नंबरावरूनही काही ठरत नाही. एमएच ०४ म्हणजे गाडी ठाण्याच्या आरटीओत नोंदलेली, एमएच ४३ म्हणजे वाशीच्या. ती उभी कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी खूण म्हणजे गाडीसमोरच्या इमारतीची घरपट्टीची पावती. ती ज्या महापालिकेची, तिचा रस्ता. वॉचमनला किंवा तळमजल्याच्या दुकानदाराला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. पिनकोडही बऱ्यापैकी मदत करतो: मुलुंड पूर्व ४०००८१, कोपरी ४००६०३, ऐरोली ४००७०८.

शहर कळलं की जागेचा प्रकार बघा. महापालिकेचा रस्ता, फूटपाथ किंवा सर्व्हिस रोड असेल तर पुढची वाट सरळ आहे. स्टेशनचं आवार, एमआयडीसीचा रस्ता, सिडकोचा मोकळा भूखंड असेल तर आधी त्या त्या कार्यालयाकडे अर्ज आणि त्याची प्रत महापालिकेला. ऐरोली-रबाळे पट्ट्यात हे फार होतं. एका बाजूला नोड, म्हणजे सिडकोनं वसवलेली वस्ती, दुसऱ्या बाजूला कारखाने, आणि मधल्या रस्त्यावर कंटेनरचे सांगाडे. आणि सोसायटीचं आवार असेल तर सगळंच वेगळं, ते पुढे सांगते.

पोलीस ठाण्याबाहेरच्या गंजक्या गाड्यांच्या ढिगाबद्दल लोक मला हमखास विचारतात. तो बहुतेक मुद्देमाल असतो, म्हणजे कुठल्या तरी गुन्ह्यात किंवा अपघातात जप्त झालेला. महापालिका त्याला हात लावू शकत नाही, त्याचा निर्णय न्यायालयाचा. जप्त गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं सडवू नका, फोटो-पंचनामा करून बंधपत्रावर मालकाला परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे. तुमची गाडी अशी अडकली असेल तर वकिलामार्फत न्यायालयात ताब्यासाठी अर्ज करा. ढिगात तुमची गाडी नसेल तर त्या ढिगामागे शक्ती घालवू नका.

कायदा कुठला लिहायचा

मुंबईला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ लागू आहे. रस्त्यावर वस्तू टाकून ठेवायला मनाई कलम ३१३ मध्ये, आणि ती नोटिशीशिवाय उचलण्याचा आयुक्तांचा अधिकार कलम ३१४ मध्ये. ठाणे आणि नवी मुंबईला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. तिथे तीच कामं कलम २३० आणि २३१ करतात. गंमत म्हणजे या १९४९च्या कायद्याचं जुनं नाव ‘मुंबई प्रांतिक’ महानगरपालिका अधिनियम होतं, आणि मुंबईलाच तो लागू नाही. जुन्या वकिलांचे अर्ज समोर ठेवून नक्कल करणारे इथे हमखास घसरतात.

तिन्ही शहरांना सारखा लागू असलेला कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १२७. सार्वजनिक ठिकाणी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस, बिनदेखरेखीची पडून असेल तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती टो करायला सांगू शकतो. मोडकी, जळालेली किंवा अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तासांची वाटही बघायची नाही, लगेच. टोइंगचा खर्च मालकाकडून, दंड वेगळा.

हे वाचून लोक खूश होतात आणि दुसऱ्याच दिवशी ‘दहा तास झाले, का उचलत नाही?’ म्हणून ट्रॅफिक चौकीत उभे राहतात. कायदा ‘उचलू शकतात’ म्हणतो, ‘उचललीच पाहिजे’ म्हणत नाही. शिवाय व्यवहारात तीन-चार दिवस गावाला गेलेल्या माणसाची गाडी कोणी बेवारस धरत नाही, आणि धरूही नये. म्हणून प्रत्यक्षात आधी गाडीवर नोटीस चिकटवतात, मुदत देतात, मग क्रेन. मुदत किती ते त्या नोटिशीवरच छापलेलं असतं. परिपत्रकं बदलतात आणि तिन्ही शहरांत ती एकसारखी असतीलच असं नाही, त्यामुळे शेजाऱ्यानं सांगितलेल्या तासांवर जाऊ नका. समोरची नोटीस वाचा.

पुरावा कसा जमवायचा

गाडी हलत नाही हे सिद्ध करायला खडू पुरतो. टायरवर एक रेघ आणि तिला जुळेल अशी रस्त्यावर एक. फोटो काढा. आठ दिवसांनी पुन्हा. रेघा जुळलेल्या असतील तर गाडी हललेली नाही. पावसाळ्यात खडू टिकत नाही, तेव्हा चाकाखालचं गवत उपयोगी पडतं. त्याइतका प्रामाणिक साक्षीदार नाही.

फोटो चारही बाजूंनी काढा. नंबरप्लेट स्पष्ट दिसली पाहिजे आणि मागे एखादी ओळखीची खूण: दुकानाची पाटी, बसस्टॉप, दिव्याच्या खांबाचा क्रमांक. आत पाणी साचलं असेल तर त्याचा जवळून फोटो वेगळा घ्या, त्याचं कारण पुढे येईल. दार मात्र उघडू नका, आत हात घालू नका, टायर सोडवू नका. गाडी चोरीची निघाली तर तुमचे ठसे तिथे असण्याची काहीच गरज नाही.

नंबरप्लेटच नसेल, किंवा खोडलेली वाटत असेल, तर महापालिका नंतर, आधी जवळचं पोलीस ठाणं. बेवारस मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेणं हे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्यच आहे. हे कलम कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेल्या कलमाला पोच मिळत नाही.

अर्ज

मुंबईत १९१६ किंवा महापालिकेचं ऑनलाइन तक्रार पान, आणि सोबत वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज. मुलुंडसाठी तो टी विभाग, पत्ता सहायक आयुक्तांच्या नावे. ठाण्यात तुमच्या प्रभाग समितीचे सहायक आयुक्त. नवी मुंबईत विभाग कार्यालय, म्हणजे ऐरोलीकरांसाठी ऐरोली विभाग. प्रत त्या भागाच्या वाहतूक पोलिसांना. मी लिहिते तो मजकूर असा असतो, हवा तर उचला:

‘विषय: (ठिकाण) येथील सार्वजनिक रस्त्यावर बेवारस अवस्थेत उभे असलेले वाहन हटविणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी पांढऱ्या रंगाचे (गाडीचे नाव), नोंदणी क्र. (अमुक), किमान दि. (अमुक) पासून जागेवरून न हलता उभे आहे. चारही टायर निकामी असून मागील काच फुटलेली आहे. आत पाणी साचल्याने डासांची पैदास होत आहे. दि. (अमुक) व दि. (अमुक) रोजीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी योग्य ती कार्यवाही करून केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.’

खाली त्या शहराला लागू असलेलं कलम. बस. ‘वारंवार सांगूनही’, ‘झोपलेलं प्रशासन’ वगैरे लिहू नका. बँकेत असे अर्ज मी रोज वाचायचे, आणि खरं सांगते, चिडलेला अर्ज ढिगाच्या तळाशी जातो.

अर्ज एकट्यानं देण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीन आठवड्यांत काही झालं नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार. त्यानंही हललं नाही तर माहिती अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीनच प्रश्न. माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? नोटीस कोणत्या तारखेला लावली? पंचनाम्याची प्रत मिळावी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. माझ्या चार गाड्यांपैकी एकीलाच हा टप्पा लागला, आणि तिथे उत्तर यायच्या आधी क्रेन आली.

ओम्नीचं काय झालं? नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी मालक उगवला. आमच्यापासून दोन इमारतींवर राहणारा. शाळेची मुलं सोडायचा, लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं, पुढे दुरुस्तीला पैसे जमले नाहीत. मला म्हणाला, “ताई, आधी मला सांगायचं ना.” मला काही बोलता आलं नाही. पिल्लं तोवर मोठी होऊन गेली होती.

त्यानंतर मी अर्जाच्या आधी आसपासच्या वॉचमनना गाडी दाखवते आणि काचेवर साधी चिठ्ठी लावते: ‘ही गाडी कोणाची असल्यास अमुक सोसायटीच्या ऑफिसात भेटावे.’ चारपैकी दोन गाड्या या चिठ्ठीनंच गेल्या.

आवारातली गाडी

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये सडणारी गाडी रस्त्यावरच्या कलमांनी हलत नाही. ती सार्वजनिक जागा नाही. आणि सोसायटीनं परस्पर भंगारवाला बोलावून उचलून दिली तर मालक उद्या चोरीची तक्रार करू शकतो. हे होऊ शकतं असं नाही, होतं.

पार्किंगचे नियम करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) ७८ पासून पुढे ते सगळं सापडेल. सभेत ठराव करा: बंद गाडीलाही जागेचं शुल्क लागेल, आणि अमुक महिने न हललेल्या गाडीच्या मालकाला नोटीस जाईल. नोटीस रजिस्टर पोस्टानं, सभासदाच्या नोंदलेल्या पत्त्यावर. भाडेकरू गाडी सोडून गेला असेल तर फ्लॅटमालकाला. मालकाचा काही पत्ताच लागत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

एक वाट मात्र कंपाउंडच्या आतही चालते, ती डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि फुटक्या काचेची गाडी म्हणजे त्याचं बाळंतपणाचं घर. मुंबईत वॉर्डच्या कीटकनाशक विभागाला कळवलं तर माणसं आवारात येऊन बघतात, अळ्या सापडल्या तर नोटीस निघते. ठाणे-नवी मुंबईत हे काम मलेरिया किंवा आरोग्य विभाग बघतो. जून ते ऑक्टोबर हा त्याचा हंगाम. नोटीस सोसायटीच्या नावे येण्याचीही तयारी ठेवा. आमच्या एका सभासदाला दोन वर्षं पत्रं पाठवली, ढिम्म हलला नाही. ऑगस्टमध्ये गाडीच्या पत्र्यावर साचलेल्या पाण्यात अळ्या निघाल्या आणि गणपतीच्या आधी गाडी गेली.

आणि आता माझी

ह्यांची मारुती ८००. हे गेल्यावर सहा वर्षं ती आमच्या खुणेच्या जागेत कव्हरखाली उभी होती. सभेत बंद गाड्यांचा ठराव मीच मांडला, आणि मागच्या रांगेतून कोणी तरी विचारलं, “मॅडम, तुमची धरून?” धरूनच.

मालक वारला तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावरच्या बंद गाड्यांपैकी कितीतरींचा मालक असाच भिंतीवरच्या तसबिरीत असतो, म्हणून हे आधी सांगते.

दुसरा गैरसमज वयाचा. १५ वर्षं झाली की गाडी आपोआप भंगार, असं महाराष्ट्रात नाही. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही बंदी दिल्ली परिसरातली. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी वाढते. पण एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्कच ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट. चालत नसलेल्या गाडीसाठी हा हिशेब जुळत नाही.

एक भंगारवाला दारात रोख द्यायला तयार होता. साडेसहाशे किलोची गाडी, किलोचा भाव लावून. मी विचारलं, कागद काय देणार? तो हसला. तिथेच थांबले. कागद न घेता गाडी दिली तर नोंदणी तुमच्याच नावावर राहते, आणि तिचा चेसी नंबर उद्या कुठल्या गाडीवर दिसेल ते सांगता येत नाही. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, परत करायची, असं मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५५ सांगतं.

म्हणून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. २०२१ च्या नियमांनी ही केंद्रं सुरू झाली, यादी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आहे. गाडी कुठल्याही आरटीओची असो, कुठल्याही केंद्रात चालते. एमएच ०४ आहे म्हणून ठाण्यातलंच शोधत बसू नका. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि उचलून नेण्याचा खर्च कोणाचा ते आधीच लिहून घ्या, कारण बंद गाडी फ्लॅटबेडवरूनच जाते.

लागणारे कागद: मूळ आरसी, आधार-पॅन, रद्द केलेला चेक (पैसे खात्यातच येतात), आणि मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. कर्ज फेडून दहा वर्षं झालेली असतात आणि बोजा तसाच. मी स्वतः बँकेतली, माझ्याच आरसीवर तो होता. ई-चलनं थकली असतील तर तीही आधी मिटवा.

गाडी घेतल्यावर केंद्र डिपॉझिट प्रमाणपत्र देतं. ते दोन वर्षं चालतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ, आणि केंद्र सरकारच्या नियमांनुसार खाजगी गाडीच्या करात जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्य देऊ शकतं. प्रत्यक्ष टक्का त्या वेळी आरटीओत विचारा. गाडी तोडून झाल्यावर स्क्रॅपिंगचं वेगळं प्रमाणपत्र निघतं, तेही मागून घ्या आणि परिवहनच्या पोर्टलवर नोंदणी रद्द दिसते का ते स्वतः तपासा. मी तीन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर तपासत होते.

गाडी देण्याआधी फास्टॅग असेल तर बंद करा, विम्याची शिल्लक विचारा, आणि डिकी, सीटखाली, डॅशबोर्डचा कप्पा, सगळं रिकामं करा. आमच्या कप्प्यात एक बंद पडलेलं घड्याळ, डॅशबोर्डवरचा चिकटवलेला गणपती आणि रबर लावलेला टोलच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला, सगळ्या आनंदनगर नाक्याच्या. गणपती काढायला गरम पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवावं लागतं, नाहीतर मखर तुटतं.